मांडीवरच्या काठ्या

चौदा वर्षांनी लाडका बँड शहरात आला, पहिल्या रांगेतलं तिकीट मिळालं, आणि सलग दोन पाळ्या करून गेलेल्या सिस्टरचा दुसऱ्याच गाण्याला डोळा लागला. झाडूवाल्या मावशींनी हलवून उठवलं तेव्हा सभागृह रिकामं होतं आणि तिच्या मांडीवर ड्रम वाजवायच्या दोन काठ्या होत्या. आज इस्पितळात कपडे बदलताना, काल मागच्या रांगेत बसलेल्या मैत्रिणींचा नुसता कल्ला चालला होता. तीही ताकास तूर लागू न देता “हो ना, काय वाजवलं!” म्हणत राहिली. “आणि ती पुढची झोपलेली बाई!” शेजारची म्हणाली. “ड्रमवाल्याने खाली येऊन काठ्याच तिच्या मांडीवर ठेवल्या. मग अख्ख्या सभागृहाने ते गाणं कुजबुजत म्हटलं, तिची झोप मोडू नये म्हणून.” सिस्टरने पिशवीतल्या काठ्या काढून बाकावर ठेवल्या. तिने विचारलं, “कुठलं गाणं होतं गं ते?”