आठ पोती पाला

धुळ्याच्या जुन्या बागेत श्रमदानाला आलेल्या मंडळींनी पहिल्याच रविवारी गवत समजून अख्खा निशिगंध उपटला. तेव्हापासून गफूरचाचा माळी त्यांच्या हातात फक्त झाडू देतात.

दर रविवारी मंडळी घाम गाळून आठ पोती पाला गोळा करतात, पोत्यांसोबत फोटोही काढतात. "चाचा, आम्ही आलो नसतो तर या बागेचं काय झालं असतं?" एका रविवारी त्यांच्यातल्या सारिकाताईंनी विचारलं. चाचांनी आठही पोती उचलून कोपऱ्यात नीट रचून ठेवली.

शनिवारी संध्याकाळी चाचा तीच आठ पोती बागेच्या वाटांवर रिकामी करत होते. वॉचमन पुना बघतच राहिला. "चाचा, हाई काय करी राहिनात?"

 

"उद्या रविवार ना, भाऊ! पाला दिसला नाही तर गुलाबाकडे वळतील."