दहावा अंगठा

रुखमाबाईच्या वावरात बारा औतं जुंपून उभी होती आणि एकही हलत नव्हतं. इर्जिकीला सगळा गाव औतं घेऊन मदतीला येतो, पण पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली रेघ, पडायचं ते वावराच्या धन्याच्याच नांगराचं. धनी पुंजाजी, रुखमाबाईचा नवरा, पाय मोडून घरी पडलेला. आणि त्याच्या लोखंडी नांगराचा फाळ आज सकाळी, बांधापासून दोन हातांवर, मोडून बसला होता.

नवा फाळ समोरच होता. नांगर कंपनीचे इन्स्पेक्टर रमाकांत तो घेऊन दमणीत, आपल्या हलक्या बैलगाडीत, बसले होते.

"फुकट देतो, बाई," ते म्हणाले. "या शिफारशीच्या कागदावर अंगठा करा आणि तीन सोयऱ्यांची नावं सांगा. पुढे कंपनी तुमच्या नावाने त्यांना पत्र पाठवेल."

कंपनीचा एजंट वैजनाथ शाईची डबी धरून उभा होता. महिनाअखेर दहा शिफारशी झाल्या तर मेहकर तालुक्याची एजन्सी त्याची; नाहीतर ती खामगावच्या एका व्यापाऱ्याकडे जायची होती. नऊ अंगठे झाले होते. त्यांतले सहा जण आत्ता याच वावरात आपापल्या लोखंडी नांगरामागे उभे होते. तीन वर्षं गावोगाव तंगडतोड करून त्यानं एकेक नांगर खपवला होता. दहाव्या अंगठ्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

रुखमाबाईनं अंगठा शाईत बुडवला आणि तसाच वर धरला.

"वाचा."

"काय वाचू?"

"कागद. माह्या नावानं काय जाऊन राह्यलं ते वाचा."

रमाकांत हसले. "चांगलंच लिहिलंय हो."

"चांगलं हाय तं मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं. मध्यप्रांत व वऱ्हाडात अव्वल नांगर. कुंद्याचं चिवट तण मुळासकट निघतं. मी हा नांगर पाच वर्षे वापरत असून फाळ एकदाही बदलावा लागला नाही.

वावरात कोणीतरी खोकलं. मोडका फाळ बाईच्या पायाशीच पडला होता.

"वैजनाथा," रुखमाबाई म्हणाली, "हा नांगर तूच आनला आमच्या घरी. किती सालं झाली?"

"दोन, काकू."

"मंग सांग. फाळ पाच सालं टिकते?"

वैजनाथनं हो म्हटलं की तालुका त्याचा होता. त्या नऊ जणांना त्यानं कागदातल्या पहिल्या दोन ओळी वाचून दाखवल्या होत्या आणि तिसरी गिळली होती. त्यांनी विचारलंही नव्हतं. वैजनाथ सांगतो म्हणजे झालं, एवढ्यावर अंगठे टेकवले होते. त्याला एकदम स्वतःचा राग आला, इतका की साहेबाची भीती त्यात कुठल्या कुठे गेली.

"नाई टिकत," तो म्हणाला. "दोन सालं. लय झालं तं अडीच. अन् मले मालूम होतं."

"विचार करून बोला, वैजनाथ," रमाकांत म्हणाले.

"केला."

त्यानं शाईची डबी बांधावर ठेवली आणि पाना घेतला. बारा औतांत त्याचंही एक होतं; त्या स्वतःच्या नांगराचा फाळ खोलून त्यानं पुंजाजीच्या नांगराला चढवला. गडी इंद्रभाननं बैलं हाकली. काळी माती उलटली, कुंद्याच्या पांढऱ्या मुळ्या उन्हात आल्या. पहिलं तास पडलं होतं. आता बाकीची औतं निघायला हवी होती. ती निघाली नाहीत.

अंगठा दिलेल्या सहांपैकी शेषराव कासरा जुवाला बांधून दमणीपाशी आला.

"साहेब, माहा कागद वापस द्या."

"दिलेली शिफारस परत मिळत नसते."

"शिफारस म्या वैजनाथची देली, फाळाची नाई. साखरखेर्ड्याले माह्या व्याह्याच्या घरी माह्या नावानं खोटं जाईन, मंग माह्या पोरीनं तिथं कोन्या तोंडानं नांदावं?"

त्याच्यामागे उत्तमराव आला, मग नारायणराव. मग उरलेले तिघंही. वैजनाथकडे कोणी पाहिलं नाही. हे त्याला फार लागलं. तो पुढे झाला आणि त्यानं दमणीतल्या चामडी बॅगेवर हात ठेवला.

"नऊच्या नऊ काढा, साहेब. अंगठे म्या घेतले होते, वापस मीच देतो."

"एजन्सी गेली समजा."

"समजलो."

रमाकांतांनी कागद बांधावर भिरकावले. नवा फाळ मात्र दमणीतच राहू दिला. सहा जण कागद उचलायला वाकले. वाचता कोणालाच येत नव्हतं, वैजनाथनंच ज्याचा त्याला ओळखून दिला आणि गैरहजर तिघांचे खिशात ठेवले.

रुखमाबाईच्या नावाचा कागद रमाकांतांच्या हातात राहिला होता. तिनं तो सरळ काढून घेतला, पालथा केला आणि वैजनाथपुढे धरला.

"या कोऱ्या बाजूवर लिही. म्या सांगतो तसं."

"असलं लिहिलेलं कंपनी घेणार नाही, बाई," रमाकांत म्हणाले.

"कंपनीले कोन देऊन राह्यलं? माह्या भावाले पाठवाचं हाय, उंद्रीले." ती वैजनाथकडे वळली. "लिही. कुंदा मुळासकट निंघते. फाळ दोन सालात मोडते. नांगर वैजनाथपासूनच घेजो, कोन्याबी कंपनीचा असो. मानूस खरं सांगते, पन उशिरा सांगते."

वैजनाथ पेन्सील हातात धरून मान खाली घालून उभा राहिला. त्याला कागद नीट दिसत नव्हता.

रुखमाबाईनं अंगठा पुन्हा शाईत बुडवला आणि साहेबाच्या नाकासमोरून वैजनाथकडे नेला.

"लिही ना, बाप्पा. शाई वाळून राह्यली."