कडक ब्रेक

"दाबा बाबा. अजून थोडं."

धर्मानं दात-ओठ खाऊन दाबलं. टेबलाखालचं पेडल जागचं हललं नाही. पडद्यावरची शर्यतीची गाडी वळण सोडून सरळ गवतात घुसली आणि ब्रेकची लाल पट्टी तळाशीच पडून राहिली.

"राहू दे," म्हणत त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले आणि तो भिंतीकडे बघत बसला.

अर्नाळ्याहून मासळीचा टेम्पो हाकण्यात त्याची उमर गेली होती. गणपतीनंतर अंगावरून वारं गेलं. बोलणं सावरलं, हात सावरला, उजवा पाय मात्र रुसून बसला. मुलगा कल्पेश त्याला फुलपाड्याच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, ब्रेक जोरात दाबता आला तरच टेम्पोचं नाव काढा. त्या दिवसापासून धर्माची अन्नावरची वासनाच उडाली. बोंबलाच्या कालवणाला नको म्हणणारा कोळी घरात असला की घरच्यांना काळजी लागणारच.

कल्पेशला कॉम्प्युटरवर शर्यती खेळायचा भारी नाद. विकतचं पेडल त्याला मऊ वाटायचं. खऱ्या ब्रेकसारखं ते पायाला उलट ढकलत नाही, ही त्याची तक्रार. म्हणून वालीवच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथल्या भंगारातून त्यानं एक लोखंडी नळी आणली, ती पेडलमागे बसवली आणि तिच्यात होडीच्या इंजिनाखालचं काळं रबर कोंबलं. रबर कसलं, दगडच तो. तरण्या माणसाला घाम फुटायचा. बापाच्या पायाला व्यायाम होईल म्हणून त्यानं मोठ्या हौसेनं त्याला इथं बसवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी बापाचं तोंड उतरलं.

धर्मा आंघोळीला गेला तसा कल्पेश टेबलाखाली शिरला. नळी उघडून त्यानं काळं रबर काढलं आणि खणात टाकलं. आता त्या जागी काहीतरी मऊ हवं होतं. दारात बाबांच्या निळ्या स्लीपर होत्या, आजारपणापासून पायात न गेलेल्या. त्यानं उजव्या स्लीपरच्या टाचेतून चौकोनी तुकडा कापला, नळीत सरकवला आणि नट आवळले.

"तेल घातलं जरा," धर्मा आल्यावर तो म्हणाला. "गंजलं होतं."

धर्मानं पाय ठेवला. पेडल खाली गेलं, लाल पट्टी वरपर्यंत भरली आणि गाडी वळणावर शहाण्यासारखी थांबली.

धर्मानं पेडल पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग सुनेला हाक मारून म्हणाला, "प्रीतल, भात हाय का गं?"

त्या दिवशी त्यानं कालवण मागून घेतलं. प्रीतलनं ओढणीनं डोळे पुसले. एवढं खोटं आपल्याला माफ असावं, असं कल्पेशला वाटलं.

स्लीपरचा विषय मात्र संध्याकाळीच निघाला.

"हिची टाच कुठं गेली रे?"

"कुत्र्यानं खाल्ली," कल्पेश म्हणाला.

"चौथ्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे ना बाबा," प्रीतल घाईघाईनं म्हणाली.

धर्मानं तो चौकोन बोटानं चाचपला. "दात चांगले हायेत कुत्र्याचे," एवढंच बोलून त्यानं दोन्ही स्लीपर उचलल्या आणि आपल्या कॉटखाली सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं दहाचा पाना मागितला. खुर्चीचा नट ढिला झालाय म्हणाला. मग रेक्झिन उसवलंय म्हणून पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन मागवलं. काहीतरी करावंसं वाटतंय म्हाताऱ्याला, म्हणून कल्पेश खूष. आपल्या शर्यती त्यानं बंदच केल्या. टेबल, खुर्ची, पेडल सगळं बापाला देऊन टाकलं.

धर्मा रोज तिथं बसायचा. सुरुवातीला त्याची गाडी पुन्हा गवतात जाऊ लागली. मग महिन्यामागून महिने गेले तशी ती हळूहळू रस्त्यावर राहायला लागली. उठायचा तेव्हा मात्र बनियन भिजलेलं असायचं. चपलेच्या तुकड्यावर पाय ठेवायचा तर ही दशा, हे बघून कल्पेशच्या जिवाला लागायचं. शेवटी त्यानं टेम्पो विकायचं मनाशी ठरवलं आणि पाचूबंदरच्या एरॉलला तो बघायला यायला सांगितलं.

रविवारी सकाळी धर्मा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"एरॉलला नको म्हनून सांग," तो म्हणाला. "टेम्पो इकायचा नाय. मी चालवनार."

प्रीतलनं कल्पेशला स्वयंपाकघरात ओढलं. "आता तरी सांग त्यांना. रस्त्यावर लोकांची पोरं असतात."

तो बाहेर आला. "बाबा, थांबा. मी फसवलं तुम्हाला. तुमच्या पायात जोर आलाच नाही. आतलं रबर मऊ आहे, मीच घातलंय. हे बघा."

कल्पेश पाना घेऊन टेबलाखाली शिरला. नट काढले आणि नळी तळहातावर उपडी केली.

हातावर काळं रबर पडलं. होडीच्या इंजिनाखालचं.

त्यानं उठून खण ओढला. खणात काही नव्हतं.

"बाबा, यात मी तुकडा घातला होता..."

"चल, टेम्पो काढायला उशीर होतोय," धर्मा म्हणाला. तो कॉटखालच्या स्लीपर काढून पायात घालत होता. कल्पेशचा हात न धरता तो उठला, उजव्या पायावर सगळा भार देऊन वळला आणि दाराकडे निघाला.

पाऊल उचललं तेव्हा दिसलं. स्लीपरच्या उजव्या टाचेत निळा चौकोनी तुकडा सोल्युशन लावून जागच्या जागी चिकटवलेला होता, आणि त्याच्या कडेला कित्येक महिन्यांची धूळ बसली होती.