बँडमास्तरची बायको

"आता खाली उतरा," नव्या लाल सँडल घातलेली सेलीन स्टेजपाशी येऊन नवऱ्याला म्हणाली. "अख्ख्या वसईला नाचवलंत. माझ्याबरोबर कधी नाचणार?"

त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता आणि बँड घरचाच होता. मुलगा ड्रमवर, नात ट्रम्पेटवर, बाकी सगळे पुतणे. बँडमास्तर पेद्रूनं सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवला. आपल्याला नाचता येत नाही, हे त्यानं आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

पहिल्याच पावलाला तो अडखळला. ड्रमही अडखळला. तो गडबडून भराभर पाय टाकू लागला, तसा सगळा बँड धावत सुटला. हॉलमध्ये हशा पिकला. ओशाळून तो थांबला, तर बँडही गप्प!

"अरे, हे काय चाललंय तुमचं?" तो ओरडला.

"पप्पा, तुम्ही पायानं ताल धरता ना," मुलगा म्हणाला, "त्या पायाकडे बघूनच वाजवायची सवय आहे आम्हाला."

सेलीननं साडी घोट्यांच्या वर धरली, एक पाऊल पुढे टाकलं आणि स्टेजकडे बघून म्हणाली, "पोरांनो, आज माझ्या पायांकडे बघा."

मग तिनं नवऱ्याचा हात धरला. "तुम्हीसुद्धा."