हेडफोनमधल्या बाई

गडहिंग्लजच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या मगदूम बाईंचा आवाज विद्यापीठाच्या लोकांनी आपल्या शिकवणाऱ्या कॉम्प्युटरसाठी घेतला होता. कोल्हापुरात एका बंद खोलीत बसवून त्यांच्याकडून एकेक वाक्य वदवून घेतलं होतं, "चुकलं व्हय बाळा? चुकू दे की. कुठं अडलं, ते मिळून बघूया." असलं गोड बोलायची सवय नसल्यानं बाईंची जीभ सारखी अडखळायची.

आज ते संशोधक तपासायला आले, तर अपूर्णांकांत सगळ्यांच्या पुढं गेली होती मयूरी. कानाला हेडफोन लावून पोरगी एकामागून एक गणितं सोडवत होती. असल्याच गणितावर सकाळी वर्गात बाई तिच्यावर खेकसल्या होत्या, "डोस्क्यात भुसा भरलाय काय गं?" आणि ती फळ्यावरचं गणित अर्धवट टाकून जागेवर जाऊन बसली होती.

"मॅडम, तुमच्या आवाजानं जादू केली बघा," संशोधक म्हणाले.

बाईंना ते कौतुक घेववेना. लाजेनं त्यांची कानशिलं तापली. तो आवाज आपलाच, पण ते गोड बोलणं पढवलेलं, हे निदान पोरीला तरी खरं सांगून टाकावं, म्हणून त्या तिच्याजवळ वाकल्या, एका कानावरचा हेडफोन जरा सरकवला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या, "आवडल्या का गं, ह्यातल्या बाई?"

मयूरीनं घाईघाईनं हेडफोन काढला आणि ती उठून उभी राहिली.



"लई! तुमच्या बहीण हायत न्हवं त्या? पयल्या दिवशी मला तुमीच वाटला, म्हणून मी भिऊन कॉम्प्युटरच बंद केलता."