चौकोनी खांदे

वर्गातल्या फिशटँकमध्ये हिलस्ट्रीम लोच आले, काचेला चिकटून बसणारे चपटे मासे, आणि त्यातला नर कुठला, मादी कुठली हे बाईंनासुद्धा ओळखता येईना. मला येत होतं! आठवडाभर पुस्तकं पालथी घातली होती ना मी. मग काय, भाव खात टँकपुढे उभी राहिले.

"वरून बघायचं. डोक्यापासून परांपर्यंत छान गोलाई असेल तर मादी. आणि खांदे असे चौकोनी, बाहेर आलेले दिसले की समजायचं, नर!"

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझी जीभ सैल सुटते. मी मागच्या बाकाकडे बोट केलं. "नाही कळलं? आमच्या चॅम्पियनचे खांदे बघा, लगेच कळेल!"

सगळा वर्ग खो खो हसला. पोहण्यात शाळेला तीन पदकं मिळवून देणारी माझी जिवलग मैत्रीणही हसली, म्हणून मला वाटलं, जमला विनोद.

संध्याकाळी स्विमिंग पूलवर आम्ही नेहमीसारख्या एकाच खोलीत कपडे बदलायला शिरलो. पहिलीपासून आमचं हे असंच. मी आपली बडबडत होते, आणि ती मात्र टॉवेल खांद्यांवर गच्च ओढून भिंतीला चिकटून उभी.

"चल की गं, शिट्टी झाली!"

"तू हो पुढे," ती म्हणाली. "नाहीतर... तिकडे तोंड कर ना जरा."

मी तोंड फिरवलं. ते परत तिच्याकडे वळवायची मलाच लाज वाटली.