मण आणि पाऊण शेर

वीस शेरांची दोन वजनं, पाच शेरांची दोन, एक शेराची तीन, अर्ध्या शेराचं एक आणि पाव शेराचं एक. गेनबा मापाड्यानं नऊही वजनं पोत्यावर ओळीनं मांडली आणि रिकामा काटा हलवून पाहिला. दांडी दोनदा झुलली आणि आडवी स्थिर झाली. चाकणचा बाजार आज नव्हता. कांद्याच्या आवारात माणसं चारच: गेनबा, सोपानराव, त्यांची बायको कौशल्याबाई आणि सून गवराबाई.

"बस पोरी," गेनबा म्हणाला. "आजवर माणूस न्हाई तोलला म्या. पोत्याच्या जागी बस, पाय वर घे."

गवराबाई पदर पोटाभोवती लपेटून उभी होती.

"बसतीया का आता? झोपाय सांगितलं असतं तर आत्तापतुर घोरली असती," कौशल्याबाई म्हणाल्या.

गेनबा हसला. सोपानराव हसले नाहीत. त्यांच्या हातात दवाखान्याचा कागद होता. छातीच्या दुखण्यापायी गवराबाई पाच महिने नदीपलीकडच्या दवाखान्यात होती. महिन्यापूर्वी ती घरी निघाली तेव्हा डॉक्टरांनी तो लिहून दिला. दवाखान्यातल्या सवयी घरी सहा महिने मोडायच्या नाहीत: दुपारी दोन तास पडून राहणं, वेळेवर जेवण, रोज पावशेर दूध. खाली तिचं त्या दिवशीचं वजन होतं, चौऱ्याऐंशी पौंड. शाळेतल्या गुरुजींनी त्याच्यापुढं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मण आणि पाऊण शेर'.

"मग, पडती का दुपारची?" गेनबानं विचारलं.

"पडती की! पाटलीणबाई हवा खाऊन आल्यात न्हवं. दोन तास आडवी, आन् जेवाय पुरुषांच्या पंगतीला. म्या म्हणलं, पड बाई, आमची ना न्हाई. पर दळण काय दवाखाना दळून देतोय व्हय? दुपारचं दोन तास पहाटं भरून काढायचं."

पूर्वी गवराबाई दुसऱ्या कोंबड्याला उठायची. आता पहिलं कोंबडं आरवायच्या आधी जातं सुरू होई. तिचं दूध घरातल्या धाकट्या पोरीला जाई.

अट कौशल्याबाईंचीच होती. "म्हैन्यानं काट्यावर बसवायची. उतरली तर ही थेरं बंद." वजन चढलं तर काय, हे तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

गवराबाई पारड्यात बसली. लाकडावर टक् असा आवाज झाला. गेनबानं तिच्याकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. त्यानं दुसऱ्या पारड्यात वजनं चढवायला घेतली. वीस. वीस. चाळीस शेरांचा मण झाला, तरी दांडी हलली नाही. एक शेर टाकल्यावर ती थोडी उचलली. अर्धा शेर टाकला आणि ती सरळ झाली.

"एक मण दीड शेर," बाजारात पुकारावं तसा तो म्हणाला. "पाऊण शेर चढली."

गवराबाईनं श्वास सोडला. "मंग आत्याबाई, दुपारची पडत जाऊ न्हवं?"

कौशल्याबाई जवळ आल्या. मग त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "लागलं म्हणायचं गं अंगाला."

सोपानरावांनी टोपी काढून काट्याला हात जोडले. "नारळ फोडतो आज. गवरा, उद्यापास्नं कांदा काढाय चल. मजूर मिळंना. समदी पोरं पिंपरीला, नव्या कारखान्याच्या पायावर. तुजा नवराबी तितंच."

"मामंजी, कागदावर सहा म्हैने..."

"कागद आजाऱ्याचा असतोय, पोरी. तू बरी झालीस आता." त्यांच्या आवाजात माया होती. "वजन चढलं का न्हाई? काटा कवा खोटं बोलतोय व्हय? काय गेनबा?"

गेनबा पारड्यातली वजनं उतरवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

गवराबाई पोटाशी पदर धरून पारड्यातून उतरली.

सोपानरावांनी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली. "देव्हाऱ्यात ठेव. गुण आला त्येचा." दोघं गाडीकडं निघाले. "ये बिगीबिगी," कौशल्याबाईंनी मागं वळून हाक दिली. "बैलं उन्हात हायेत."

ते आवाराच्या फाटकाबाहेर गेल्यावर गेनबानं एक रिकामी पाटी तिच्यापुढं सरकवली.

"काढ ते. चालताना पोटात रुततील."

तिनं लुगड्याच्या ओच्यातून एक एक करून नदीतले तीन गोटे काढले आणि पाटीत ठेवले. एकाला अजून वाळलेला गाळ चिकटलेला होता.

"उतरलीयास, हे तुला ठाऊक व्हतं?"

"चोळी ढिली झालीया."

"हाक मारू का सोपानरावांस्नी? खरं सांगून टाकू."

"काय सांगनार, काका? उतरली म्हणलं तरी कांदंच काढायचं."

तिनं कागद कमरेला खोचला आणि पदर सारखा करून ती फाटकाकडं गेली. ओचा आता सपाट होता.

गेनबानं गोटे पारड्यात टाकले. समोर एक शेर ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी अर्धा. दांडी सरळ झाली.

गोटे साडेतीन शेर. एक मण दीड शेरातून ते वजा जाता गवराबाई अडतीस शेर.